दोन विजा, एक यंत्र

बारडोली हे नाव उच्चारताच महाराष्ट्रीय मनापुढे १९२८ चा साराबंदीचा लढा उभा राहतो, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्या लढ्याला तीस वर्षे होतात न होतात तोच ह्या तालुक्याचे रूप पालटू लागले होते, ही गोष्ट तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. तापी नदीवर काकरापार येथे बंधारा झाला, कालवे निघाले, आणि ज्या काळ्या जमिनीत पूर्वी कापूस डोलत असे तेथे ऊस उभा राहिला. १९५० च्या दशकात बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला. दर हिवाळ्यात डांगातून आणि आपल्या खानदेशातून, विशेषतः धुळे-नंदुरबारकडून, ऊसतोडीसाठी माणसांचे तांडे तिकडे उतरू लागले. त्या माणसांना तिकडे ‘कोयता’ याच नावाने ओळखतात. माणसाला त्याच्या हत्याराचे नाव पडावे यात जे दुःख आहे त्याची कथा स्वतंत्र आहे. येथे प्रस्तुत आहे ती कारखान्याच्या आतील एक गोष्ट.

उसापासून साखर काढणारा कारखाना आपली वीज आपणच निर्माण करतो. रस काढून उरलेली चिपाडे भट्टीत जळतात, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाईन फिरवते. गाळप चालू असेतो ही घरची वीज पुरते. हंगाम संपला की भट्टी थंड होते, आणि दुरुस्तीच्या कामासाठी, दिव्यांसाठी, पंपांसाठी बाहेरच्या तारांवरून येणारी वीज घ्यावी लागते. म्हणजे एकाच कारखान्याला दोन विजा. आणि ज्या कारखान्यांनी पुढे आपली शिल्लक वीज बाहेरच्या तारांवर चढवावयास आरंभ केला, त्यांच्याकडे तर ह्या दोन विजा एकाच वेळी, एकाच पट्टीवर नांदू लागल्या.

ही गोष्ट आज पुन्हा आठवण्याचे कारण असे की, एका यंत्राला दोन ठिकाणांहून वीज पुरवण्याचा हा प्रश्न आता कारखान्यातून निघून घरातल्या टेबलावर येऊन बसला आहे. ज्या संगणकात एकाच्या जागी चार-चार, सहा-सहा ग्राफिक्स कार्डे बसवलेली असतात, त्याची भूक एका वीजपुरवठ्याने भागत नाही. मग जोडणारा त्यात दुसरा पुरवठा बसवतो; आणि ज्या चुका साखर कारखान्यातल्या वायरमनने केव्हाच टाळावयास शिकून घेतल्या होत्या, त्या नव्याने करतो.

कारखान्यातला नियम पूर्वीपासून कडक आहे. बाहेरची वीज आणि घरची वीज ह्या दोन्ही उलटसुलट वाहणाऱ्या, सेकंदाला पन्नास आवर्तने करणाऱ्या. दोघींचा दाब सारखा हवा, आवर्तनांची गती सारखी हवी, आणि एकीची लाट ज्या क्षणी माथ्यावर असेल त्याच क्षणी दुसरीचीही असावयास हवी. हे जुळले की नाही हे पाहण्याची जुनी युक्ती मोठी सुंदर होती. दोन विजांच्या मध्ये दिवे टांगीत. लाटा जुळत नसल्या की दिवे मंदप्रखर होत राहत. टर्बाईनची गती हलक्या हाताने साधीत गेले की ही उघडझाप सावकाश होई, आणि दिवे पूर्ण विझले की त्या अंधाराच्या क्षणी खटका दाबावयाचा. अवेळी दाबला तर बाहेरच्या जाळ्याची प्रचंड शक्ती त्या एकट्या टर्बाईनला एका हिसक्यात आपल्या पावलावर आणू पाहते. त्या हिसक्याने जाड पोलादी दांडाही पिळवटून निघतो. दिव्यांची जागा पुढे काटा दाखवणाऱ्या उपकरणाने आणि नंतर स्वयंचलित यंत्रणेने घेतली, परंतु नियम तोच राहिला.

दोन विजा एकत्र न आणताच वापरण्याचा दुसराही एक मार्ग आहे, आणि त्याचे उदाहरण बारडोलीच्या ईशान्येस, सरळ रेषेत तीसएक किलोमीटरांवर आहे. काकरापारचे अणुवीज केंद्र. पूर्वी ते सुरत जिल्ह्यात होते. २००७ पासून तापी जिल्ह्यात मोडते. त्याच्या पहिल्या, २२० मेगावॅटच्या संचातून मे १९९३ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. अणुभट्टी बंद केली तरी तिच्यातील उष्णता लगेच निवत नाही. पाणी फिरवीत राहावे लागते आणि त्यासाठी वीज लागते. म्हणून अशा केंद्रात विजेच्या चार पायऱ्या असतात. सगळ्यांत खालची बाहेरच्या जाळ्याची आणि टर्बाईनची. ती गेली तर काही काळ खोळंबा चालेल अशी यंत्रे तिच्यावर. तिच्या वर डिझेल जनित्रांची. त्याच्याही वर क्षणभरही खंड न पडणारी उलटसुलट वीज, आणि सर्वांत वर बॅटऱ्यांची एकदिश वीज, जिच्यावर नियंत्रणाची उपकरणे चालतात. येथे कोणते यंत्र कोणत्या विजेवर, ह्याची वाटणी आधीच पक्की केलेली असते.

परंतु वाटणी कागदावर असणे निराळे आणि प्रत्यक्षात असणे निराळे. काकरापारचा पहिला संच व्यापारी कामाला लागण्यापूर्वी अवघे पाच आठवडे, ३१ मार्च १९९३ च्या पहाटे, उत्तर प्रदेशातील नरोरा येथे त्याच जातीच्या संचात टर्बाईनची पाती तुटली. यंत्र हादरले, हायड्रोजन वायू बाहेर पडला, आग लागली. भट्टी चालकांनी ताबडतोब बंद केली. प्रश्न होता तो तिला थंड ठेवण्याचा. मुख्य पुरवठा होता, पर्यायी पुरवठाही होता. मात्र दोहोंच्या केबली एकमेकींच्या शेजारून गेलेल्या होत्या आणि मध्ये आगीला अटकाव करणारा आडोसा नव्हता. एकाच आगीत दोन्ही जळाल्या. सुमारे सतरा तास केंद्रात वीज नव्हती. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी पाणी चढवून कर्मचाऱ्यांनी तो प्रसंग निभावून नेला, आणि किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. जनित्रे मोजली असती तर कोणीही सांगितले असते की पुरवठे अनेक आहेत. त्या पहाटे दिसले ते हे की, केबली जेथे एकत्र आल्या तेथे सगळे पुरवठे मिळून एकच झाले होते.

आता संगणकाकडे वळू. विजेच्या बाबतीत संगणक मुळापासूनच नाजूक प्रकृतीचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ ह्या भारतीय बनावटीच्या संगणकात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्हमधील तंतू तापवण्यास कमी दाबाची वीज लागते आणि त्यातून प्रवाह ओढण्यास चढ्या दाबाची. त्यामुळे एका यंत्राला अनेक दाबांची वीज ही गोष्ट त्या पिढीला नवी नव्हती. पुढे ट्रान्झिस्टर आले, चिपा आल्या, भूक कमी झाली. १९८१ मध्ये आयबीएमने काढलेल्या वैयक्तिक संगणकाचा वीजपुरवठा ६३.५ वॅटचा होता, म्हणजे दिवाणखान्यातल्या जुन्या साठ वॅटच्या दिव्याहून किंचितच अधिक. त्या काळी कोणी दोन पुरवठ्यांची भाषा काढली असती तर त्यास हसण्यावारी नेले असते.

हा पुरवठा म्हणजे ती धातूची पेटी, जिला आपल्याकडील दुकानदार आणि दुरुस्ती करणारे ‘एसएमपीएस’ म्हणतात. भिंतीवरची २३० व्होल्टची उलटसुलट वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज देते. १९९५ मध्ये ह्या पेटीचे आणि मदरबोर्डचे एक नवे प्रमाण ठरले, एटीएक्स नावाचे. त्यात एक बदल असा झाला की पेटी चालू करण्याचा अधिकार भिंतीवरच्या खटक्याकडून मदरबोर्डकडे गेला. पेटीतून एक हिरवी तार निघते. मदरबोर्डने ती काळ्या तारेला, म्हणजे शून्याला, टेकवली की पेटी जागी होते, आणि सोडली की झोपते. दोन पेट्यांचा सगळा पुढचा गोंधळ ह्या एका हिरव्या तारेभोवती फिरतो.

ग्राफिक्स कार्ड हे आरंभी पडद्यावर चित्रे उमटवण्याचे साधन होते. खेळांमुळे त्याची शक्ती वाढत गेली. हजारो लहान गणिते एकाच वेळी करण्याची त्याची हातोटी शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली, आणि २००७ च्या सुमारास ते सर्वसाधारण गणितालाही जुंपता येऊ लागले. ज्या खाचेत हे कार्ड बसते ती खाच फार तर ७५ वॅट देते. ते अपुरे पडू लागले तेव्हा पेटीतून थेट कार्डाकडे जाणाऱ्या तारा आल्या: सहा पिनांची, आणखी ७५ वॅटची, आठ पिनांची, १५० वॅटची. २०२० मधील एनव्हिडियाचे एक घरगुती वापराचे कार्ड एकटे ३५० वॅट घेत असे. २०२२ मधील त्याचा वंशज ४५० घेऊ लागला. अशी ३५० वॅटची चार कार्डे एका यंत्रात बसवली की १,४०० वॅट झाले. प्रोसेसर, पंखे, तबकड्या धरून मागणी १,८०० च्या घरात जाते. पेटीची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली तर भिंतीतून २,००० वॅट ओढावे लागतात.

अमेरिकेत घरातील वीज १२० व्होल्टची आणि नेहमीचा खटका १५ अँपिअरचा. म्हणजे कमाल १,८०० वॅट, आणि सतत चालणाऱ्या भारास त्याच्या ऐंशी टक्के, १,४४०. तेथे दोन पेट्या दोन निरनिराळ्या खटक्यांवर लावणे ही हौस नसून गरज होती. आपल्याकडे १६ अँपिअरच्या सॉकेटातून ३,६८० वॅट मिळू शकतात, म्हणून तशी निकड नाही. परंतु आपल्याकडील टेबलाशेजारचे सॉकेट बहुधा सहा अँपिअरचे असते, १,३८० वॅटचे, आणि त्यावर एक्स्टेंशन बोर्ड लावून दोन्ही पेट्या त्याच बोर्डात खोवण्याची सवय सार्वत्रिक आहे. नरोराच्या केबलींचे हे घरगुती रूप होय. पेट्या दोन असल्या तरी तार एकच, आणि तीही पातळ.

दोन पेट्यांच्या यंत्रांना खरा बहर आला तो आभासी चलनाच्या हव्यासाने. २०१३ नंतर जगभर, आणि भारतातही, लोकांनी लोखंडी किंवा लाकडी चौकटीवर सहा-सहा, आठ-आठ कार्डे टांगून ती अहोरात्र चालवली. इथेरियम ह्या चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी आपली पद्धत बदलली आणि कार्डांनी ते मिळवण्याचा धंदा एका दिवसात बसला. त्या नऊ-दहा वर्षांत जे शिकले गेले ते मात्र पुसले गेले नाही. उदाहरणार्थ, खाचेपासून दूर टांगलेल्या कार्डाला ‘रायझर’ नावाची एक पट्टी लागत असे, आणि तिला वीज देण्यासाठी लोक तबकडीसाठी असलेली तार वापरीत. त्या तारेच्या टोकाची क्षमता १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. कार्ड मागू शके ७५. टोके वितळली, काही ठिकाणी पेट घेतला. हा हिशेब शाळेतल्या मुलास करता आला असता, पण नफ्याच्या घाईत तो कोणी केला नाही.

तथापि सगळ्यांत मोठा गैरसमज निराळाच होता. ८०० वॅटच्या दोन पेट्यांच्या पिवळ्या तारा एकत्र पिळल्या की १,६०० वॅटची एक पेटी होते, अशी अनेकांची भाबडी समजूत होती. प्रमाणाप्रमाणे १२ व्होल्टच्या तारेवर पाच टक्के इकडेतिकडे चालते. म्हणजे एक पेटी ११.९ देत असेल आणि दुसरी १२.१, तर दोन्ही निर्दोष. पण ह्या दोघी एकत्र बांधल्या की ०.२ व्होल्टचा फरक त्यांच्यामधील तारेवर पडतो. त्या तारेचा रोध एका ओहमचा शंभरावा भाग धरला तर वीस अँपिअरचा प्रवाह एका पेटीतून दुसरीकडे धावण्याचा प्रयत्न करील. चढी पेटी सगळा भार ओढते, उतरी हात आखडते, आणि दोघींच्या नियंत्रणाची झोंबाझोंबी सुरू होते. साखर कारखान्यात लाटा जुळवल्याशिवाय खटका दाबण्यासारखेच हे. भार आपसांत वाटून घेण्याची यंत्रणा ज्यांत मुळातच बसवलेली आहे अशा पेट्या असतात. बाजारातील साध्या पेटीत ती नसते. तेव्हा मार्ग काकरापारचाच: जोडू नका, वाटा. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि पहिली दोन कार्डे एका पेटीवर. उरलेली दोन दुसरीवर. एका कार्डाच्या सगळ्या तारा, आणि रायझर असल्यास त्याचीही, शक्यतो एकाच पेटीच्या.

मात्र एक गोष्ट दोघींची एकच असावी लागते, ती म्हणजे शून्य. बारा व्होल्ट म्हणजे कशापासून बारा? काळ्या तारेपासून. पहिल्या पेटीची काळी तार आणि दुसरीची काळी तार ह्यांचे शून्य एक नसेल तर मदरबोर्डने पाठवलेला संकेत कार्डाला चुकीचा वाचावा लागेल, किंवा तो फरक भरून काढण्यासाठी प्रवाह संकेताच्या बारीक तारांतून वाट काढील, आणि त्या तारा त्यासाठी बनवलेल्या नाहीत. म्हणून दोन्ही पेट्यांच्या काळ्या तारा जाड तारेने एकमेकींस आणि चौकटीस बांधल्या पाहिजेत. आपल्याकडे ह्यात अर्थिंगचा प्रश्न मिसळतो. कोळसा आणि मीठ घालून पुरलेली पट्टी ज्या घरात वर्षानुवर्षे कोणी पाहिलेली नाही, किंवा जेथे तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून टाकली आहे, तेथे पेटीचे धातूचे अंग पेटीतल्याच छोट्या कंडेन्सरांमुळे भिंतीच्या निम्म्या दाबावर, ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत असते. हात लावला की मुंग्या येतात. अशा तरंगत्या पेटीचा दुसऱ्या पेटीशी पहिला स्पर्श ठिणगीने होतो, आणि त्या ठिणगीच्या वाटेत हजारो रुपयांचे कार्ड असू शकते.

दुसरी एकवाक्यता हवी ती उठण्या-निजण्याची. दुसऱ्या पेटीला मदरबोर्ड नसतो, म्हणून तिच्या हिरव्या तारेला जागे कोण करणार? आरंभी लोक कागदाची टाचणी वाकवून हिरवी आणि काळी तार कायमची जोडीत. पेटी जागी होई, पण मग ती झोपतही नसे. मदरबोर्ड बंद असताना कार्डे एका बाजूने विजेवर राहत. उलट दुसरी पेटी मागाहून चालू केली तर यंत्र उठताना निम्मी कार्डे त्याला मृत दिसत. ह्यावरचा तोडगा म्हणजे एक लहानसा रिले. पहिल्या पेटीचे १२ व्होल्ट आले की तो दुसरीची हिरवी तार शून्याला टेकवतो. पहिली निजली की सोडतो. बाजारात तयार मिळणारी पट्टी हेच करते आणि जाता जाता दोघींचे शून्यही बांधते. इतके स्वस्त साधन इतक्या उशिरा लोकांच्या हाती पडावे, ह्याचे आश्चर्य वाटते.

आपल्या घरांतील आणखी एक खोड परदेशी लेखकांच्या ध्यानात येणे शक्य नव्हते. आपल्याकडे इन्व्हर्टर असलेल्या घरात काही सॉकेटे इन्व्हर्टरवर असतात आणि काही थेट. पहिली पेटी एका प्रकारच्या सॉकेटात आणि दुसरी दुसऱ्या प्रकारच्या सॉकेटात लागली की दोन पेट्यांचे यंत्र वीज जाईपर्यंत बिनतक्रार चालते. वीज गेली की मदरबोर्ड जागा राहतो आणि त्याच्या दोन कार्डांचा प्राण जातो. यंत्राला भाषा शिकवण्याचे वा चित्रे ओळखण्याचे काम चार दिवसांपासून चालू असेल आणि मधल्या नोंदी जपून ठेवलेल्या नसतील, तर ते चार दिवस गेले. तीन फेजांचे मीटर असलेल्या घरात दोन सॉकेटे दोन फेजांवर असणेही शक्य असते. पेट्यांना त्याचे काही वाटत नाही, कारण आत सगळे एकदिश होते; पण झाकण उघडून दोन्हींत एकाच वेळी हात घालणाऱ्यापुढे २३० नव्हे, ४०० व्होल्ट उभे असतात.

२०२२ मध्ये एटीएक्सचे नवे प्रमाण आले. नव्या कार्डांची मागणी सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागापुरती दुपटीवर उसळते असे आढळले होते, आणि त्या उसळीला घाबरून पेट्या आपोआप बंद पडत. नव्या प्रमाणाच्या दांडग्या पेट्यांना हा धक्का सोसावा लागतो. मोठ्या पेट्याही सहज मिळू लागल्या. त्यामुळे घरगुती यंत्रात दुसऱ्या पेटीची गरज थोडी घटली आहे. जेथे ती घटणे शक्यच नाही, तेथे काय करतात हे पाहावयास पुण्यास जावे लागते.

अमेरिकेने प्रबळ महासंगणक देण्यास आडकाठी केल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, आणि विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ उभा केला. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नाही, तर लहान लहान चौसष्ट एकत्र जुंपू, हा त्यामागील विचार. ग्राफिक्स प्रोसेसरांच्या आजच्या यंत्रामागेही तोच विचार आहे. त्याच संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा आला. त्यात एनव्हिडियाची ४२ यंत्रे आहेत आणि प्रत्येकात आठ ग्राफिक्स प्रोसेसर, एकूण ३३६. अशा एका यंत्राची भूक साडेसहा किलोवॅटपर्यंत जाते, आणि त्याला वीज देण्यास एक नाही, दोन नाही, सहा पेट्या असतात, प्रत्येकी तीन किलोवॅटची. ह्या पेट्या भार आपसांत वाटून घेण्यासाठीच घडवलेल्या आहेत. सहांपैकी तीन बंद पडल्या तरी उरलेल्या तिघींवर यंत्र पुऱ्या शक्तीने चालते. आणि तिहींपेक्षा कमी पेट्यांना वीज असेल तर ते सुरूच होण्यास नकार देते.